गोल करणारा आणायचा कुठून?

भारतीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक खालिद जमीलला काढा म्हणजे गोल होतील, असं काहींचं मत आहे; मला ते अजिबात पटत नाही. 2024च्या जूनमध्ये तेव्हाचा प्रशिक्षक स्टिमॅच गेला, मग मार्केझ आला, 2025मध्ये तोही गेला. गोलांचा दुष्काळ तसाच! चाळिशीतल्या स्ट्रायकर सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं.

2017-18ला बालेवाडीत इंडियन सुपर लीगमधल्या पुणे सिटी क्लबच्या मॅच बघायचो. पुढच्या फळीत अल्फारो आणि मार्सेलिनियो, एक उरुग्वेचा, एक ब्राझीलचा. आपला आशिक कुरुनियन कडेने जीव तोडून पळायचा, पण गोलसमोरची जागा परदेशी खेळाडूची. बहुतेक क्लबांत हेच. क्लबकडून ज्याला नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, कधी उभंच केलं नाही, तो देशासाठी तिथे अचानक गोल कसा मारणार? आधी लीगमध्ये एक भारतीय स्ट्रायकर सक्तीचा करा.