मदत हवी आहे: गाड्यांच्या कारखान्याजवळ भाड्याच्या खोल्या बांधाव्यात का?

सुगी (सोमवार, रात्री १०:१२)
आमच्या गावाशेजारी गाड्यांचा कारखाना येतोय, हे आता पक्कं झालंय. जमीन सपाट करायचं काम चालू आहे, दिवसरात्र डंपर पळतायत. आम्हाला भाड्याने द्यायला २० खोल्या बांधायच्या आहेत. कर्ज मंजूर आहे, फक्त सही राहिली आहे आणि ती बुधवारपर्यंत करायची आहे. भाऊ म्हणतो, आपण थांबलो तर शेजारचे बांधतील. असा कारखाना आला की गावात खरंच पैसा येतो का आणि किती वर्षं टिकतो? ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय त्यांनीच सांगा. "नीट विचार करा" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको, वेळ नाहीये.

घरमालक_दोन (रात्री १०:३१)
बांधा. मी ६ खोल्यांपासून सुरुवात केली होती, आज १४ आहेत आणि एकही रिकामी नाही. शेती पावसावर, भाडं महिन्यावर. यात विचारण्यासारखं काय आहे?

फिटर_नाना (रात्री १०:५०)
घरमालक, तुमच्या खोल्या कुठल्या कारखान्याजवळ आहेत ते आधी सांगा.
सुगीताई, गाड्यांचा म्हणजे नक्की काय? पूर्ण गाडी जोडणारा की सुटे भाग करणारा? गेट कुठल्या बाजूला? कर्ज किती वर्षांचं आणि तारण काय ठेवताय? हे कळल्याशिवाय कुणी हो म्हणत असेल तर तो अंदाजपंचे बोलतोय.

सुगी (रात्री ११:०५)
नाना, गाड्यांचा म्हणजे चारचाकी मोटारींचा, पूर्ण गाडी. गेटचं कुणालाच माहीत नाही. कर्ज १० वर्षांचं. माझा प्रश्न पैसा येतो की नाही एवढाच आहे.

घरमालक_दोन (रात्री ११:१२)
माझ्या खोल्या कापडगिरणीजवळ आहेत. कारखाना तो कारखाना. माणसं येणार, माणसांना छप्पर लागणार.

फिटर_नाना (रात्री ११:४४)
कारखाना तो कारखाना नसतो. मी २६ वर्षं गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात, काढली आहेत. आम्ही सगळे शहरातून कंपनीच्या बसने यायचो. शिफ्ट सुटली की बस गेटमधून निघायची ती थेट शहरात. गेटसमोरच्या गावात आम्ही पाणी प्यायलासुद्धा उतरलो नाही. त्या गावातल्या एका माणसाने आमच्या भरवशावर दुमजली चाळ बांधली होती. रोज सकाळी बसच्या खिडकीतून ती दिसायची, वरचा मजला कायम कुलपात. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो, म्हणून एवढं लिहितोय.
ताई, एका कारखान्याबरोबर तीन वेगवेगळी माणसं येतात. आधी बांधकामाचे मजूर. मग मशिनरी बसवणारे, ते काही महिने राहतात आणि जातात. शेवटी उत्पादनाचे कामगार. पहिल्यांची गर्दी बघून खोल्या बांधल्या तर तिसरे येईपर्यंत पहिले निघून गेलेले असतात. आणि तिसरे तुमच्याकडे राहतीलच असं नाही.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ७:२०)
नाना म्हणतात त्याचं मोठं उदाहरण अमेरिकेत टेनेसी राज्यातलं स्प्रिंग हिल. जनरल मोटर्सने सॅटर्न गाड्यांचा कारखाना तिथे काढायचं १९८५ मध्ये जाहीर केलं, तेव्हा गावाची वस्ती हजार-दीड हजार. पहिली गाडी बाहेर पडली १९९० मध्ये. मधली पाच वर्षं गावाने वाट बघण्यात काढली. नोकऱ्यांचं म्हणाल तर कंपनी आणि कामगार संघटनेचा करार होता, त्यानुसार कंपनीच्याच इतर कारखान्यांतल्या कामगारांना आधी घ्यायचं होतं. त्यामुळे बाहेरच्या राज्यांतून अनुभवी कामगार बायकामुलांसकट आले आणि गावकऱ्यांच्या वाट्याला अपेक्षेच्या मानाने फार थोडं आलं. २००९ च्या शेवटी तिथली गाड्यांची जुळणी बंद पडली, २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

घरमालक_दोन (सकाळी ७:५५)
आणि आज त्या गावाची वस्ती किती आहे? तेही सांगा की. ५० हजार! मी आत्ताच पाहिलं.

आकडेमोड (सकाळी ८:१०)
बरोबर, २०२० च्या जनगणनेत ५० हजार. पण नॅशव्हिल शहर तिथून ५० किलोमीटरच्या आसपास आहे, त्या शहराची वाढही तिकडे सरकली. शिवाय आलेल्या कुटुंबांनी स्वतःची घरं घेतली. एकट्या माणसाच्या खोल्यांवर ते गाव वाढलेलं नाही.

रानपाखरू (सकाळी ९:०२)
खोल्यांचं राहू द्या, पाण्याचं कुणी बोलतच नाही! जर्मनीत बर्लिनजवळ ग्रुनहाइडे गावात टेस्लाचा कारखाना मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. पाणी आणि जंगल यांवरून तिथे किती वाद झाले! फेब्रुवारी २०२४ मध्ये विस्ताराबद्दल गावाचं मत घेतलं तेव्हा जवळपास ६२ टक्के लोक विरोधात गेले. मत फक्त सल्ल्यापुरतं होतं, पुढे गावच्या कौन्सिलने थोडा बदललेला आराखडा मंजूर केला. पेंट शॉपला पाणी लागतं, नानांना माहीत आहे. तुमच्या विहिरींचं काय होणार ते आधी विचारा. शेती गेली तर भाड्याचे पैसे कितीसे पुरणार?

सुगी (सकाळी ९:३०)
रानपाखरू, तुमची काळजी समजते, पण मी पाण्याचं विचारलेलं नाही. उद्या सही आहे हो.

मामाचा_भाचा (सकाळी १०:१५)
तिथे भरती कधी आहे? माझा डिप्लोमा झालाय. कुणाला लिंक माहीत असेल तर टाका.

फिटर_नाना (सकाळी १०:४०)
भाच्या, वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर सांगतो.
सुगीताई, तारणाचं उत्तर अजून दिलं नाहीत. आणि २० हाच आकडा कुठून आला? १२ नाही, ३० नाही, २० च का?

सुगी (दुपारी १:२०)
तारण म्हणजे उरलेली शेती. ४ एकर कारखान्याला गेली, त्याचे पैसे घरात आणि भाच्यांच्या शिक्षणात लागले. आता ३ एकर ओलिताची आहे, तीच.
२० अशासाठी की बांधकामाचा एक ठेकेदार म्हणालाय, २० खोल्या बांधा, दोन वर्षं सगळ्याच्या सगळ्या मी घेतो. हे आधी लिहायला हवं होतं का?

आकडेमोड (दुपारी १:२८)
सगळ्यात आधी हेच लिहायला हवं होतं. ठेकेदाराची गरज २ वर्षांची आणि कर्ज १० वर्षांचं. उरलेली ८ वर्षं हप्ता कशातून भरणार? आणि तो जे म्हणालाय ते कागदावर आहे का?

घरमालक_दोन (दुपारी २:०५)
हे मला माहीत नव्हतं. शेवटची ओलिताची जमीन तारण असेल तर मीसुद्धा २० म्हणणार नाही. मी पहिल्या ६ खोल्या स्वतःच्या पैशाने बांधल्या होत्या, कर्ज नंतर काढलं. पण अजिबात बांधू नका, हे नानांचं म्हणणं मला पटत नाही.

फिटर_नाना (दुपारी २:३०)
बांधू नका असं मी कुठे म्हटलंय? कुणासाठी बांधताय ते बघा, एवढंच.
गाडीची सीट, बंपर, डॅशबोर्ड हे अवजड सामान. जोडणीच्या लाइनवर गाड्या ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ते पोचवावं लागतं. लाइनपाशी साठा करायला जागा नसते. म्हणून हे बनवणारे व्हेंडर कारखान्याला चिकटून बसतात. त्यांच्याकडे कंत्राटी पोरं असतात, पगार कमी आणि बहुतेकदा कंपनीची बस नाही. भाड्याची खोली लागते ती त्यांना. तुमचं गाव व्हेंडरांच्या बाजूला असेल तर घरमालक म्हणतात तसं होईल. उलट्या बाजूला असेल तर होणार नाही.

बांधावर (दुपारी ४:१०)
"पक्कं झालंय" याबद्दल एक सांगतो. पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला टाटांच्या नॅनो गाडीच्या कारखान्यासाठी ९९७ एकर जमीन घेतली होती, शेड उभ्या राहिल्या होत्या. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटा मोटर्सने तिथून निघायचं जाहीर केलं आणि कारखाना गुजरातमध्ये साणंदला गेला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीन शेतकऱ्यांना परत द्यायला सांगितलं, पण काँक्रीट पडलेल्या जमिनीत लगेच पेरता थोडंच येतं? तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. ह्युंदाईबरोबर विक्रीचा करार व्हायला २०२३ उजाडलं. कारखान्याला नवा मालक मिळतो. मधल्या वर्षांचे हप्ते बँक तुमच्याकडूनच घेते.

सुगी (रात्री ९:५०)
ठेकेदाराला फोन केला. म्हटलं, दोन वर्षांचा करार लिहून द्या आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ द्या. म्हणाला, "ताई, विश्वास ठेवा, कागदाचं काय एवढं." भाऊ समोरच बसला होता, तो काही बोलला नाही. उद्याची सही पुढे ढकलली आहे. बँकेतले साहेब नाराज झाले, होऊ देत.

सुगी (रविवार, संध्याकाळी ६:३०)
भावाला घेऊन एका चालू कारखान्याच्या परिसरात जाऊन आले. दुपारची शिफ्ट सुटताना रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. नाना, तुम्ही सांगितलंत तसंच, बसमागून बस गेली, एक माणूस उतरला नाही. मुख्य गेटसमोरच्या गावात "खोली भाड्याने देणे आहे" अशा पाट्या मी ११ मोजल्या. मग मागच्या बाजूला गेलो. तिथे व्हेंडरांच्या शेड आहेत आणि त्यालगतच्या वस्तीत एक खोली रिकामी नाही. एका खोलीत चार-चार पोरं. एका बाईंनी सांगितलं, कारखान्याची एक शिफ्ट बंद झाली तेव्हा निम्मी पोरं आठवड्यात निघून गेली होती, परत भरायला वर्ष लागलं.
आमचं ठरलंय ते असं: शेती तारण ठेवायची नाही. घरामागे ४ खोल्या, जमतील तशा. पण व्हेंडरांची जागा आमच्या बाजूला आहे का, हे कुठे कळेल? त्यावरच सगळं अवलंबून आहे.

आकडेमोड (संध्याकाळी ७:०५)
भूखंड वाटणाऱ्या औद्योगिक महामंडळाच्या कार्यालयात आराखडा मागा. मुख्य कारखान्याशेजारी पुरवठादारांसाठी वेगळे भूखंड राखले असतील तर त्यात दिसतील. तोंडी नकार दिला तर माहिती अधिकारात अर्ज करा.

फिटर_नाना (संध्याकाळी ७:४०)
आराखड्यात मालवाहू गेटही बघा, ते बहुतेकदा वेगळं असतं. व्हेंडरांचे टेंपो त्याच गेटने ये-जा करतात. आणि चार खोल्यांना संडास दोन तरी ठेवा, तीन शिफ्टची माणसं एकाच वेळी उठत नसली तरी.

रानपाखरू (रात्री ८:१५)
जाताच आहात तर सांडपाणी कुठल्या ओढ्याला सोडणार आहेत तेही विचारा. तुमची ३ एकर त्याच्या खालच्या अंगाला आहे का?

सुगी (रात्री ८:३३)
हो, खालच्याच अंगाला आहे. विचारते.