मदत हवी आहे: फ्लू एकच, काका चार दिवसांत बरे आणि बाबा नऊ दिवस ऑक्सिजनवर. अँटिऑक्सिडंट कमी म्हणून असं होतं का?

जरा मोठं लिहितेय, जाणकारांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

बाबा ६९, काका ६६. एकाच घरात राहतात, एकाच आठवड्यात दोघं तापाने पडले, दोघांच्याही स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए. काका चार दिवसांत हिंडाफिरायला लागले आणि बाबांना पाचव्या दिवशी धाप. रात्री दोन वाजता त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९१, मला वाटलं बोट गार पडलंय, म्हणून चोळून चोळून परत लावला तर ८८, आणि तेव्हा बघितलं की नखं निळसर झालीयेत. तसंच उचलून नेलं. न्यूमोनिया. आता घरी येऊन सहा दिवस झालेत पण अंग दुखतं, थकवा खूप आहे.

बाबांना सोळा वर्षं शुगर आहे, सिगरेट दोन वर्षांपूर्वी सुटली, युरिक ॲसिडही आहे, अधूनमधून अंगठा सुजतो. काकांना यातलं काहीच नाही.

अ‍ॅडमिट असताना चौथ्या दिवशी एका नातेवाइकांच्या आग्रहाने बाहेरच्या लॅबमध्ये रक्त पाठवलं. व्हिटॅमिन सी खूपच कमी, सेलेनियम रेंजच्या थोडं खाली, आणि टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी मात्र नॉर्मलच्या वर! हे कसं काय? ते नातेवाईक म्हणतात हे आधीच भरून काढलं असतं तर बाबा घरीच बरे झाले असते, आणि आता रोज सी २००० मिलिग्रॅम, ई ४००, सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम आणि एनएसी (एन-ॲसिटिल सिस्टीन, हीसुद्धा अँटिऑक्सिडंट म्हणूनच विकतात) सुरू करा.

त्यात मी वाचत बसले. मेलिंडा बेक यांचा १९९५ चा उंदरांवरचा प्रयोग वाचला, सेलेनियम नसलेल्या उंदरांमध्ये एक निरुपद्रवी कॉक्सॅकी व्हायरस गेला आणि आतमध्ये स्वतःच बदलून हृदयाला इजा करणारा झाला, आणि मग नीट खाऊनपिऊन असलेल्या उंदरांनाही त्याने त्रास दिला. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. माझं लक्ष नव्हतं म्हणून झालं का हे? आणि गोळ्या सुरू करू का?

पाणकणीस:
आधी हे मनातून काढा की तुमच्या दुर्लक्षामुळे झालं. मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, तर रिपोर्टपासून सुरू करते.

न्यूमोनियाच्या भरात घेतलेलं रक्त आजारपणाआधीची स्थिती सांगत नाही. इन्फेक्शनमध्ये व्हिटॅमिन सी भराभर खर्च होतं. सेलेनियम रक्तात ज्या प्रोटीनवर बसून फिरतं ते लिव्हर बनवतं, आणि अंगात सूज चढली की ते बनवणं कमी होतं, म्हणजे आकडा आपोआप खाली येतो. शिवाय व्हिटॅमिन सीचं सॅम्पल थंड आणि अंधारात ठेवलं नाही तर नळीतच उतरतं. तेव्हा सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल झाल्यावर, दोनेक महिन्यांनी परत बघा, तोवर त्या आकड्यावर काही ठरवू नका.

टोटल वर का आली त्याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, अंगठा! त्या टेस्टमध्ये सगळ्यात मोठा वाटा युरिक ॲसिडचा असतो. ते वाढलं की टोटल छान दिसते, त्याचा फुप्फुसाच्या संरक्षणाशी संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. अँटिऑक्सिडंटचा संबंध आहेच. फ्लूमध्ये फुप्फुसाची नासाडी एकटा व्हायरस करत नाही, आपल्याच पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड वगैरे ऑक्सिजनचे दाहक रेणू सोडतात (अँटिऑक्सिडंट निकामी करतात ते हेच) आणि त्यात आतलं अस्तर भाजून निघतं. १९८९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी फ्लू झालेल्या उंदरांना सुपरऑक्साइड मोडणारं एन्झाइम दिलं, रक्तात जास्त वेळ टिकेल असं करून, तर जास्त उंदीर जगले. आणि जुन्या शुगरने पेशींमधला ग्लुटाथिओन, म्हणजे शरीर स्वतः बनवतं तो अँटिऑक्सिडंट, कमी होतो, म्हणजे तुमच्या बाबांची ढाल आधीच पातळ असणार. पण हीच सुपरऑक्साइड जंतू मारायलाही लागते, ती बनवता न येणारी मुलं जन्मतःच असतात आणि त्यांना बॅक्टेरिया-बुरशीची इन्फेक्शनं सारखी होतात. त्यामुळे जितकं जास्त तितकं चांगलं असा हिशोब इथे चालत नाही.

माणसांवरच्या ट्रायल्समध्ये तेच दिसतं. एनएसीची १९९७ ची इटलीतली ट्रायल बरी आहे, ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने. व्हायरसची लागण दोन्ही गटांत सारखीच झाली पण लागण झालेल्यांपैकी एनएसीवाले २५ टक्के आजारी पडले आणि दुसरे ७९ टक्के. पण एकूण माणसं २६२ च. उलट नेदरलँड्समध्ये २००२ ला साठीपुढच्या लोकांना व्हिटॅमिन ई दिलं तर श्वसनाची इन्फेक्शनं कमी झाली नाहीत आणि झाली ती जास्त तीव्र झाली. म्हणून ई ४०० ला माझा स्पष्ट नकार.

बेक यांचे उंदीर सेलेनियम जवळजवळ नसलेल्या खाण्यावर होते. रेंजच्या किंचित खाली, तेही ऐन आजारात, हे प्रकरण वेगळं.

शेवंता७:
मी रोज सी घेते, सर्दी होतच नाही मला. काय हरकत आहे द्यायला?

पाणकणीस:
थोड्या डोसला हरकत नाही. पण २०१३ चा कोक्रेन आढावा (बऱ्याच ट्रायल्स एकत्र तपासणारा) बघा, रोज घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांना सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही, मोठ्यांमध्ये ती साधारण ८ टक्के लवकर आटोपली. सर्दी सुरू झाल्यावर घेऊन ठाम फायदा दिसला नाही. आणि बाबा शुगरचे आहेत, दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावत असतील तर जास्त सीमुळे काही सेन्सर शुगर खोटी वाढलेली दाखवतात, त्यावर इन्सुलिन वाढवलं तर पंचाईत.

अजून एक विचारायचं राहिलं. अंगदुखीला काय काय घेतात? पॅरासिटामॉलचा काही भाग लिव्हरमध्ये विषारी होतो आणि तो निकामी करायला हाच ग्लुटाथिओन खर्च होतो. ओव्हरडोसला एनएसी देतात ते हा ग्लुटाथिओन परत भरून काढायलाच. स्ट्रिप उलट्या करून बघा.

धागाकर्ती:
पाणकणीस, हात थरथरतायत लिहिताना. ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा चालू आहे आणि सर्दीची म्हणून दुसरी जी आहे, तीन वेळा, तिच्या मागे बारीक अक्षरात ५०० पॅरासिटामॉल लिहिलंय. ४१०० होतात. घरी आल्यापासून सहा दिवस.

पाणकणीस:
दिवसाला ४००० ही धडधाकट माणसाची मर्यादा. पुढचा डोस देऊ नका आणि आत्ताच डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट बघू नका. मळमळ, पोटात उजवीकडे दुखणं, डोळे पिवळे असं काही आहे का?

गवतीचहा:
काळजी घ्या. एक विचारू? दोघांनी फ्लूची लस घेतली होती का?

धागाकर्ती:
काल रात्रीच नेलं. मळमळ वगैरे नव्हती, रक्त घेतलं, सकाळी लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आले. सर्दीची गोळी बंद, दुसरी फक्त लागली तरच आणि दिवसात तीनपेक्षा जास्त नाही. बाकीच्या बाटल्या तूर्त उघडायच्या नाहीत म्हणाले, सेलेनियम दोन महिन्यांनी परत तपासू.

गवतीचहा, तुमचा प्रश्न वाचला आणि काकांना विचारलं. त्यांनी घेतली होती लस. बाबाही जाणार होते बरोबर, पण त्या दिवशी अंगठा इतका सुजला होता की चप्पल घालता येईना, म्हणून राहिले, आणि मग कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारतेय की आता कधी द्यायची.