विषय: नवागत पत्रकातली चौथी ओळ आजच बदला

प्रेषक: सचिव
मंडळी, परवाच्या नवागत कुटुंबाला बर्लिनच्या ब्युर्गरआम्टातून, म्हणजे पत्त्याची नोंदणी करणाऱ्या नागरी कचेरीतून, हात हलवत परत यावं लागलं. पासपोर्ट, व्हिसा, भाडेकरार सगळं होतं. वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे घर देणाऱ्याचा दाखला, तेवढा नव्हता. आपल्या पत्रकात अजून 'भाडेकरार सोबत न्यावा' एवढंच आहे. पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळते आहे आणि राहायला आल्यापासून नोंदणीला मिळणारे चौदा दिवस शुक्रवारी संपतात. घर पोटभाड्याचं आहे. सही कोणाची चालेल? दंड होईल का? 'बहुतेक'वाली उत्तरं नकोत.

प्रेषक: नाना
पत्रक मी केलं आहे म्हणून लिहितो. भाडेकरारावर इतकी वर्षं आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होत आली आहे. समोरचा कारकून आडमुठा असणार. बर्लिनमध्ये कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं, आपल्याच वस्तीतलं लागत नाही. दुसरीकडे जावं.

प्रेषक: माई
नाना, दुसरीकडेही हेच सांगतील. १ नोव्हेंबर २०१५ ला नवा नोंदणी कायदा लागू झाला, तेव्हापासून कलम १९ खाली हा दाखला लागतोच. त्याआधी काही वर्षं तो लागत नव्हता, म्हणून जुन्या मंडळींचा सल्ला तिथेच थांबला आहे. कारकुनाचा दोष नाही. करारावरून घर भाड्याने घेतलं एवढंच कळतं, कोण कधी राहायला आलं ते कळत नाही.

सही घर देणाऱ्याची. पोटभाड्यात घर देणारा म्हणजे मूळ भाडेकरू, त्याची सही चालते. मात्र मालक वेगळा असल्यामुळे मालकाचं नावही लिहावं लागतं. बाकी घर देणाऱ्याचा पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव. प्रत्येकाचं म्हणजे तान्ह्या बाळाचंसुद्धा. तारीख कराराची नको. करार १ तारखेपासून आणि माणसं ९ ला आली, तर ९ लिहायची आणि चौदा दिवसही ९ पासूनच मोजायचे.

दंड कायद्यात १००० युरोपर्यंत आहे. पण वेळ मुदतीत मागितली होती हे दाखवता आलं तर सहसा कोणी काही म्हणत नाही. बुकिंगची मेल छापून न्या. दाखला कोणी देतच नसेल तर गप्प बसू नका, लगेच कचेरीला कळवा. देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

प्रेषक: कोषाध्यक्ष
५०,००० युरो दंडाचं काय? मागच्या खेपेला त्यावरून बरीच घबराट झाली होती.

प्रेषक: माई
तो वेगळा. जो राहत नाही त्याला नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला तो लागू शकतो. तेव्हा 'तोवर आमचा पत्ता टाका' ही मदत आपल्या मंडळात कोणी करू नये, गणपतीच्या उत्साहातसुद्धा.

प्रेषक: वहिनी
दाखल्यावर एवढी चर्चा झाली, टपालपेटीचं कोणी काढलंच नाही. इथे बहुतेक इमारतींत पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन आडनावावर पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत. आणि नोंदणीनंतर येणारी पहिली महत्त्वाची गोष्ट, अकरा आकडी श्टॉयर-आयडी (कर ओळख क्रमांक), पत्रानेच येते. फोनवर किंवा मेलवर सांगत नाहीत. पुन्हा मागवली तर पुन्हा पत्रच, पुन्हा काही आठवडे.

आपल्याकडे यात जास्तीची एक गोम आहे. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव, की त्याचं पत्र येतं, तिचं परत जातं. दोन्ही आडनावं लावा. पोटभाड्यात मूळ भाडेकरूचं नाव आधीच असतं, त्याखाली आपली. व्यवस्थापनाकडून पाटी यायला वेळ लागतो. तोवर छापलेली कागदाची पट्टी, वरून पारदर्शक चिकटपट्टी, चारही कडा दाबून. शाईच्या पेनाने लिहिलेलं पहिल्या पावसात ओघळतं. बेलवरही तीच नावं, कुरिअरवाले बेल बघतात.

प्रेषक: नाना
चौथी ओळ बदलतो. टपालपेटी पत्रकात येणार नाही, ते दोन पानांतच बसलं पाहिजे. चिकटपट्टी कशी लावावी हे शिकवायला मंडळ कशाला?

प्रेषक: दादा
नाना, या चिकटपट्टीवर पगार अडतो. आयडी मिळाली नाही तर कंपनी अंदाजाने करवर्ग धरून जास्तीत जास्त तीन महिने कर कापू शकते, मग सहावा वर्ग लावते. त्यात कापणी सगळ्यात जास्त. नंतर हिशेब सुधारतो, पण तोवर काउत्सिओन, म्हणजे घराची अनामत, भरायचं कुठून? (ते तीन काल्टमीटेपेक्षा, म्हणजे इतर खर्च वगळून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा, जास्त मागता येत नाही आणि तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. पत्रकात तेही नाही.)

विवाहाचा दाखलाही नोंदणीच्या दिवशीच न्यायला सांगा. नाही दाखवला तर वैवाहिक स्थिती 'अज्ञात' अशी नोंदली जाऊ शकते आणि लग्न झालेला माणूस पहिल्या, म्हणजे एकट्या माणसांच्या, करवर्गात बसतो. मग फिनान्सआम्टात (कर कचेरीत) भांडून उपयोग नाही, नोंद आधी ब्युर्गरआम्टातच बदलावी लागते. इंग्रजी दाखला काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी शपथबद्ध अनुवादकाचं जर्मन भाषांतर मागतात. वेळ घेतानाच विचारा. अपोस्टिलवर, म्हणजे कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्यावर, खर्च करू नका. भारताच्या अपोस्टिल करारातल्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे तो शिक्का इथे धरत नाहीत.

प्रेषक: कोषाध्यक्ष
रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचाही आकडा पत्रकात जुनाच आहे, १७.५०. ऑगस्ट २०२१ पासून महिना १८.३६ आहे. दर घरामागे एकच, माणसामागे नाही. मूळ भाडेकरू भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा, नवी भरायची नाही. पत्र आलं की केराच्या टोपलीत टाकू नये, थकबाकी चढते.

प्रेषक: नाना
ठीक. टपालपेटी एका ओळीत घेतो. चिकटपट्टी नाही.

प्रेषक: वहिनी
चिकटपट्टी हवीच.

प्रेषक: सचिव
दुसऱ्या एका कचेरीत उद्या सकाळची वेळ मिळाली, कोणीतरी रद्द केलेली. मूळ भाडेकरूने सही करून दाखला पाठवला. आत्ता वाचला, तारीख बरोबर आहे, मालकाचं नाव आहे, धाकट्या मुलीचं नाव राहिलं आहे. परत पाठवते आहे.