ग्रामसभेत बोलताना आवाज अडतो. १५ ऑगस्टपूर्वी कशी तयारी करावी?

नवीन सरपंच:
सरपंचपद महिलेसाठी राखीव झाल्याने मी प्रथमच निवडून आले आहे. मासिक सभेत मी सदस्यांशी मोकळेपणाने बोलते. परंतु ग्रामसभेत अध्यक्षस्थानी बसून समोर शे-दीडशे माणसे दिसली की तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात आणि पाठ केलेले भाषण मध्येच आठवेनासे होते. मग माझे पती पुढे होऊन उत्तरे देतात. पद माझे आणि आवाज दुसऱ्याचा, हे मनाला फार लागते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाणीपुरवठ्याचा विषय मला स्वतः मांडायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

माजी सरपंच, सातारा जिल्हा:
ताई, भाषण पाठ करणे आधी सोडून द्या, कारण पाठांतरातला एक शब्द निसटला की पुढचे सारेच निसटते. टाकीची क्षमता, नळजोडण्यांची संख्या, थकीत पाणीपट्टी आणि पंपाचे वीजबिल एवढे आकडे एका कागदावर ठळक अक्षरांत लिहा आणि त्यांच्या आधाराने बोला. दुसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. अनेक गावांत ती केवळ कागदोपत्री उरकली जाते, याचे वाईट वाटते. तुम्ही ती खरोखर भरवा आणि पाण्याचा विषय पहिल्यांदा तिथेच मांडा. पाणी भरणाऱ्या बायकांना नेमके काय विचारायचे असते ते तुम्हाला तिथे कळेल, ग्रामसभेतील निम्मे प्रश्न आधीच हाती येतील, आणि त्याच बायका तिथे समोर बसल्या म्हणजे बोलताना नजर ठेवायला ओळखीचे चेहरेही मिळतील.

एक डॉक्टर:
ही लक्षणे दुबळेपणाची नाहीत. धोका जाणवताच शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, त्यामुळे छाती धडधडते आणि हात थरथरतात. लाळ कमी झाल्याने तोंड कोरडे पडते. बोलण्यापूर्वी काही मिनिटे श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्या, त्याने नाडी संथ होण्यास मदत होते. जवळ पाणी ठेवा. भीती वाटताच बोलणे थांबवून बसल्यास तात्पुरती सुटका होते, पण पुढच्या वेळी भीती अधिक घट्ट होते. म्हणून आवाज कापत असला तरी विषय पूर्ण करा. या भीतीवर काही जण प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतात. ती कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. दम्याच्या रुग्णाला ती धोकादायक ठरू शकते.

निवृत्त ग्रामसेवक:
पतींशी आधीच स्पष्ट बोलून ठेवा की त्या दिवशी त्यांनी नागरिकांमध्ये बसावे. ते उत्तर देत राहिले, तर लोकही प्रश्न त्यांनाच विचारत राहतील.

नवीन सरपंच:
सर्वांची आभारी आहे. महिला सभेची नोटीस मी या आठवड्यातच काढते. मात्र उत्तर माहीत नसताना कोणी आवाज चढवून विचारले, तर काय करावे?

माजी सरपंच, सातारा जिल्हा:
प्रश्न शांतपणे पुन्हा उच्चारा, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. नंतर “दप्तर पाहून अमुक दिवशी उत्तर देते,” असे सांगून ते इतिवृत्तात नोंदवायला लावा. ती तारीख मात्र कसोशीने पाळा.