परभणीला चढूनही भाडे मूळ स्थानकापासून का?

प्रश्न : परभणीहून जालन्याला जाताना माझे प्रतीक्षायादीतील ई-तिकीट आरक्षणाचा तक्ता (चार्ट) लागल्यावर आपोआप रद्द झाले. तपासनीसांनी दंडासह गाडी सुटलेल्या स्थानकापासूनचे भाडे घेतले. हे नियमात बसते का?

उत्तर १ : असे तिकीट रद्द झाल्यावर आपण विनातिकीट ठरता, हे खरे आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १३८ नुसार भाड्याखेरीज तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते आकारले जाते. मात्र मूळ स्थानकापासूनचे भाडे प्रवासी कोठे चढला याविषयी शंका असेल तरच घेता येते, आणि तिकिटावर परभणी स्पष्ट लिहिलेले असताना ही शंका कशी उरते, हे मला मुळीच पटत नाही.

उत्तर २ : सहमत आहे. पावती व रद्द तिकीट जोडून फरकाची रक्कम लेखी मागावी. रेलमदत या रेल्वेच्या तक्रार सेवेवरही तक्रार नोंदवता येते.

उत्तर ३ : तक्ता लागल्यावर साधे (अनारक्षित) तिकीट काढावे, पण ते आरक्षित डब्यात चालत नाही.