मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल कमी करणारी रोझुव्हास्टॅटिन २० मिळत नसेल तर?

औषध दुकानांत रोझुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम नाही. १० च्या दोन गोळ्या एकत्र घेणं सरळ आहे, फक्त चिठ्ठीवर तसं लिहून हवं. १० सुद्धा संपली, तर त्याच गटातली ॲटोर्व्हास्टॅटिन ४० की ८०? दोन्ही डोस एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) साधारण निम्म्यावर आणतात, पण ॲटोर्व्हास्टॅटिनची क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकशी गाठ पडली की तिचं रक्तातलं प्रमाण वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. रोझुव्हास्टॅटिनला तो धोका फारसा नाही. आकडा तोच ठेवून रोझुव्हास्टॅटिन २० ऐवजी ॲटोर्व्हास्टॅटिन २० घेतली तर डोस कमी पडतो, ही चूक हमखास होते.

बदलानंतर लिपिड (कोलेस्टेरॉलची) तपासणी ४ ते १२ आठवड्यांत करतात. फार्मासिस्ट किंवा डॉक्टर मंडळींनी सांगावं: मूत्रपिंड कमजोर असेल तर निवड कशी करता? गोळी पूर्ण बंद ठेवणं कृपया सुचवू नका.