मदत हवी आहे : गटाचे नियम कसे लिहावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणीलगतच्या गावांतले शेतकरी, शेतमजूर. फुटलेल्या कापसावर काळी धूळ बसते, व्यापारी बोटांत चोळून बघतो अन् भाव पाडतो. म्हणून गट केला. आता संस्था नोंदवायची आहे.

ध्येय ठरलंय: ज्याच्या शेतावर धूळ, त्याचा शब्द आधी. खाणीची देणगी घ्यायची नाही, हेही पक्कं. अडलंय निर्णयपद्धतीवर. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते; २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले. पण आमच्यातल्या काहींची मुलं खाणीतच कामाला आहेत, एकमत कसं व्हावं? बहुमतानं गेलो तर मजूर बाया मागं पडतात, ते मला अजिबात नको.

कोणाकडे अशा गटाची नियमावली असेल तर कृपया पाठवा.